विमानतळावरून परत पाठवलं, कारण सांगितलं नाही: सरकारी याद्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझा धाकटा भाऊ दुबईला नोकरीवर रुजू व्हायला निघाला होता. मुंबई विमानतळावर इमिग्रेशनला त्याला बाजूला बसवलं आणि ‘तुमच्या नावावर लुकआउट आहे’ एवढंच सांगून परत पाठवलं. कागद दिला नाही. दोन वर्षांपूर्वी भावजयीने त्याच्यावर ४९८-अ (पत्नीचा छळ) खाली गुन्हा नोंदवला होता. त्यात त्याला अटकपूर्व जामीन आहे आणि कोर्टाच्या तारखा तो चुकवत नाही. आता जायचं कोणाकडे? – एक वाचक, सातारा

उत्तर: आधी जामिनाचा आदेश काढून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ‘न्यायालयाच्या परवानगीशिवाय देश सोडू नये’ ही अट त्यात असेल, तर लुकआउट नसतं तरीही भावाला निघण्याआधी परवानगी घ्यावीच लागली असती. बऱ्याच प्रकरणांत गाडं इथेच अडतं. घरच्यांना जामीन मिळाल्याचं आठवतं, अटी आठवत नाहीत.

अशी अट नसेल, तर नाव यादीत कोणी घातलं हे शोधून काढा. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने ते घातलेलं नाही. लुकआउट सर्क्युलर, म्हणजे एलओसी (अमुक माणसावर नजर ठेवा, असं इमिग्रेशनला सांगणारं परिपत्रक), दुसऱ्या एखाद्या यंत्रणेच्या लेखी मागणीवरून निघतं. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक, जिल्हाधिकारी, सीबीआय, ईडी, एनआयए, महसूल गुप्तचर संचालनालय अशा यंत्रणांच्या ठरावीक दर्जाच्या अधिकाऱ्यांना ती मागणी करता येते. इमिग्रेशन ब्युरो नाव संगणकात चढवतो आणि अंमलबजावणी करतो. होणाऱ्या कारवाईची कायदेशीर जबाबदारी मागणी करणाऱ्या यंत्रणेची, असं गृह मंत्रालयाच्या सूचनांतच लिहिलेलं आहे. म्हणून इमिग्रेशनच्या कार्यालयात खेटे घालण्यात वेळ घालवू नका. तिथून फक्त एक माहिती मिळवायची आहे: मागणी कोणाची आणि कोणत्या गुन्ह्यात. काउंटरवर पुष्कळदा हे तोंडी सांगतात. सांगितलं नसेल, तर त्याच दिवशी ब्युरोला ई-मेल आणि रजिस्टर्ड पत्र पाठवा. पत्रात पासपोर्ट क्रमांक, विमानाचा क्रमांक, तारीख, अडवल्याची वेळ लिहा आणि एलओसीची प्रत मागा. तिकीट व बोर्डिंग पास जपून ठेवा आणि प्रवाशाला इमिग्रेशनने उतरवलं असं विमान कंपनीकडून लेखी घ्या. पुढे कोर्टात ‘अडवलंच नव्हतं’ असा पवित्रा कोणी घेतला, तर हेच कागद उपयोगी पडतात. दिल्ली किंवा हैदराबादहून निघून बघू, हा विचार मात्र मनात आणू नका. यादी सगळ्या इमिग्रेशन चौक्यांवर एकच असते आणि दुसरा प्रयत्न ‘पळून जाण्याचा बेत’ म्हणून तुमच्याच विरुद्ध मांडला जातो.

तुमच्या प्रकरणात मागणी बहुधा त्याच पोलीस ठाण्याच्या तपासी अधिकाऱ्याने अधीक्षकांमार्फत केलेली असेल. दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१० मधला सुमेरसिंग सालकन निकाल तुमच्या कामाचा आहे. तोही नवरा-बायकोच्या वादातूनच आला होता. न्यायालयाने म्हटलं की एलओसी दखलपात्र गुन्ह्यात मागता येते, पण आरोपी मुद्दाम अटक चुकवत असेल किंवा अजामीनपात्र वॉरंट काढूनही कोर्टात येत नसेल आणि देश सोडून जाण्याची शक्यता असेल तेव्हाच. ती रद्द करून घेण्याचे मार्गही या निकालात दिले आहेत. तपासी अधिकाऱ्यापुढे हजर व्हा, ज्या अधिकाऱ्याने ती काढायला लावली त्याच्याकडे बाजू मांडा, किंवा खटला जिथे चालू आहे त्या न्यायालयात अर्ज करा. तेच न्यायालय ती रद्द करू शकतं, उच्च न्यायालयातच गेलं पाहिजे असं नाही.

अर्जाला जोडायचे कागद: जामिनाचा आदेश, रोजनाम्याच्या प्रमाणित प्रती (हजेरीचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच), नोकरीचं पत्र, दुबईचा पत्ता, फोन, मालकाचं नाव. एलओसी पूर्ण रद्द करा ही मुख्य मागणी ठेवा आणि ती होईपर्यंत ठरावीक मुदतीसाठी जाऊ द्या, अशी पर्यायी मागणी त्याच अर्जात घाला. परतीची तारीख, सुनावणीला हजर राहण्याचं हमीपत्र आणि न्यायालय म्हणेल ती रक्कम भरण्याची तयारी लिहिली, तर दुसरी मागणी लवकर मान्य होते.

आदेश मिळाला तरी एक टप्पा उरतो आणि बरेच जण तिथे दुसऱ्यांदा अडकतात. कोर्टाचा आदेश आपोआप संगणकात जात नाही. गृह मंत्रालयाच्या २०१० च्या सूचनांनुसार एलओसीची मुदत एरवी एका वर्षाने संपायची. फेब्रुवारी २०२१ च्या एकत्रित सूचनांनी ते बदललं. आता मागणी करणाऱ्या यंत्रणेकडून ‘नाव काढा’ असं पत्र येईपर्यंत नाव राहतं. या यंत्रणांनी दर तिमाहीला आणि वर्षाला आढावा घ्यायचा आहे, पण निर्दोष सुटून काळ लोटला तरी नाव तसंच, हे घडतं. म्हणून ‘तपास यंत्रणेने अमुक दिवसांत इमिग्रेशन ब्युरोला कळवावं’ हे वाक्य आदेशात यायलाच हवं, असा आग्रह वकिलांकडे धरा. प्रमाणित प्रत स्वतः ब्युरोला द्या, पोच घ्या आणि मगच तिकीट काढा. एकाच माणसावर दोन यंत्रणांच्या दोन एलओसी असू शकतात हेही विचारून घ्या. एक रद्द झाली म्हणून दुसरी उडत नाही.

प्रश्न: माझ्यावर कसलाही गुन्हा नाही. तरी परदेशातून येताना आणि जाताना दर वेळी इमिग्रेशनला अर्धा-पाऊण तास थांबवतात, कुठेतरी फोन करतात आणि सोडून देतात. – एक वाचक, औरंगाबाद

उत्तर: दोन शक्यता आहेत. पहिली नामसाधर्म्याची. सूचनांप्रमाणे एलओसी उघडायला ओळखीचे किमान तीन तपशील लागतात: नाव आणि आईवडिलांचं नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख असे. लिंग आणि राष्ट्रीयत्व त्यात धरत नाहीत. नुसतं नाव आणि पासपोर्टचे तपशील असले तरी चालतं. जुन्या नोंदींत हे तपशील तुटपुंजे असले की त्याच नावाचा दुसराच माणूस जाळ्यात येतो. निष्पाप प्रवाशांना त्रास होऊ नये म्हणून जादा तपशील पुरवत राहणं हे मागणी करणाऱ्या यंत्रणेचं काम आहे, असं त्याच सूचनांत म्हटलेलं आहे. ब्युरोला लिहिताना त्या कलमाचा उल्लेख करा. सोबत पासपोर्ट, जन्मदाखला, आईवडिलांची नावं आणि आतापर्यंत थांबवल्याच्या तारखांची यादी द्या. ‘माझे तपशील नोंदीतल्या माणसाशी जुळत नाहीत, तशी नोंद करावी’ एवढीच नेमकी मागणी ठेवा. वैतागून पासपोर्टवरचं नाव बदलायला जाऊ नका. जुना आणि नवा पासपोर्ट जुळत नाही, हा आणखी एक प्रश्न त्यातून उभा राहतो.

दुसरी शक्यता अशी की एलओसी तुमचीच आहे, पण ‘फक्त कळवा’ प्रकारची. एलओसी सांगते त्यानुसार इमिग्रेशन माणसाला ताब्यात घेतं, देशाबाहेर जाऊ देत नाही, किंवा नुसतं ‘आला’ किंवा ‘गेला’ म्हणून यंत्रणेला कळवतं. दखलपात्र गुन्हा नसेल तर सर्वसाधारण नियमाने हा तिसरा प्रकारच वापरायचा असतो, माणसाला अडवता येत नाही. फोन करून सोडून देतात, त्यावरून तसंच वाटतं.

प्रश्न: यादीत घालण्याआधी साधी नोटीसही का देत नाहीत? बाजू ऐकून न घेता शिक्षा, हे घटनेत कसं बसतं? – एक वाचक, पुणे

उत्तर: आधी नोटीस द्यावी, तर पळून जाणारा नोटीस मिळताच निघून जाईल, हे सरकारचं म्हणणं आहे आणि खरा फरारी समोर असेल तर ते रास्त आहे. पण त्यातून ‘नंतरही ऐकायचं नाही’ हा अधिकार निघत नाही. १९७७ च्या जुलैत मेनका गांधींचा पासपोर्ट ‘सार्वजनिक हितासाठी’ जमा करायला सांगितला गेला आणि कारण विचारल्यावर ते देणं सार्वजनिक हिताचं नाही असं उत्तर आलं. २५ जानेवारी १९७८ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला: परदेशी जाण्याचं स्वातंत्र्य अनुच्छेद २१ मध्ये येतं, ते हिरावणारी पद्धत न्याय्य आणि वाजवी हवी आणि आधी ऐकणं शक्य नसेल तर नंतर तरी लगेच ऐकलं पाहिजे. पासपोर्ट कायद्यात लेखी कारणांची आणि अपिलाची तरतूद आहे. कारणांची प्रत नाकारायची, तर ती सुरक्षेसारख्या ठरावीक आधारांवरच.

एलओसीच्या बाबतीत असं काही लिहिलेलं नाही. एवढा मोठा अधिकार संसदेच्या कायद्यावर नव्हे, तर गृह मंत्रालयाच्या कार्यालयीन ज्ञापनांवर चालत आला आहे, हीच यातली मूळ खोट आहे असं आमचं ठाम मत आहे. त्यातही एक अपवादाचं कलम आहे. देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व, दुसऱ्या देशाशी संबंध, आर्थिक हित किंवा ‘व्यापक सार्वजनिक हित’ यांपैकी काहीही पुढे करून गुन्हा नसलेल्या माणसालाही अडवता येतं. ‘व्यापक सार्वजनिक हित’ या शब्दांत काय मावणार नाही?

न्यायालयं हे कलम डोळे झाकून मानत नाहीत, एवढा आधार आहे. ११ जानेवारी २०१५ रोजी ग्रीनपीसच्या प्रिया पिल्लई यांना दिल्ली विमानतळावर उतरवलं गेलं. मध्य प्रदेशातल्या महान खाण प्रकल्पाबद्दल त्या ब्रिटिश खासदारांपुढे बोलायला निघाल्या होत्या. एलओसी आदल्याच दिवशीची होती. दिल्ली उच्च न्यायालयाने दोन महिन्यांत ती रद्द केली आणि सरकारहून वेगळं मत मांडणं हे अडवण्याचं कारण होत नाही असं सांगितलं. पासपोर्टवर मारलेला ‘ऑफलोड’ शेराही काढायला लावला. तुमच्या पासपोर्टवर तसा शेरा असेल, तर तो काढण्याची मागणी याचिकेत वेगळी लिहा, कारण पुढे व्हिसा मागताना तो नजरेस पडतो.

सुरक्षेचं कारण बंद लिफाफ्यात न्यायाधीशांना दाखवायचं आणि समोरच्याला नाही, या प्रथेवरही ५ एप्रिल २०२३ च्या मीडियावन वाहिनीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बंधन घातलं. राष्ट्रीय सुरक्षा हा शब्द उच्चारला की नैसर्गिक न्याय संपला, असं होत नाही. माहिती खरोखर गोपनीय आहे का आणि ती झाकून निदान सारांश देता येतो का, हे सरकारने पटवून द्यावं लागतं. अनुच्छेद २२६ खालच्या रिट याचिकेत ‘पूर्ण कारणं देता येत नसतील तर सारांश द्या’ ही मागणी याच निकालाच्या आधारे घाला.

माहिती अधिकाराचा अर्ज करून बघायला हरकत नाही, पण कोणाकडे करता ते महत्त्वाचं. गुप्तचर विभाग, ईडी, सीबीआय, एनआयए कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाचा आरोप असेल तरच त्यांच्याकडून माहिती मागता येते. पोलीस अधीक्षक कार्यालयाला मात्र सरसकट तशी सूट नाही. ते बहुधा ‘तपासात अडथळा येईल’ असं उत्तर देतील. तेवढंही चालेल, कारण नोंद अस्तित्वात आहे हे त्यातून लेखी येतं.

प्रश्न: मेहुण्याच्या कारखान्याच्या कर्जाला मी जामीनदार होतो. खातं बुडीत गेलं. सरकारी बँकेने माझ्या नावावर लुकआउट काढलंय असं कळलं. बँकेला असा अधिकार आहे का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: २०१८ मध्ये सरकारी बँकांच्या प्रमुखांना एलओसी मागण्याचा अधिकार दिला गेला. २३ एप्रिल २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने (न्या. गौतम पटेल आणि न्या. माधव जामदार) विराज शहा प्रकरणात बँकांना दिलेला तो अधिकार घटनाबाह्य ठरवला आणि बँकांच्या मागणीवरून निघालेल्या, न्यायालयापुढच्या सगळ्या एलओसी रद्द केल्या. त्यांत जामीनदारांच्याही होत्या. कर्ज वसूल करणारा एक पक्षच स्वतःचा न्यायाधीश होऊन दुसऱ्याची वाट अडवतो, हे न्यायालयाला मान्य झालं नाही. आमच्या मते हा निकाल योग्यच आहे. सरकारी बँकेचा थकबाकीदार अडकतो आणि खासगी बँकेचा सुटतो, यात कसलं तर्कशास्त्र?

मात्र तुम्हाला मोकळं रान मिळालं असं समजू नका. फौजदारी न्यायालयाने किंवा कर्जवसुली न्यायाधिकरणाने परदेशी जाण्यावर घातलेली बंदी या निकालाने उठत नाही. याच कर्जाबद्दल सीबीआय किंवा ईडीचा गुन्हा असेल, तर त्यांची एलओसी स्वतंत्रपणे उभी राहते. आधी बँकेला पत्र लिहून एलओसी बँकेची की तपास यंत्रणेची हे लेखी घ्या. बँकेची असेल तर उच्च न्यायालयात जाण्याआधी निकालाची प्रत जोडून ती मागे घेण्याची मागणी करा.

प्रश्न: मुलगा अमेरिकन नागरिक आहे. गेल्या काही प्रवासांत त्याच्या बोर्डिंग पासवर एसएसएसएस छापून येतं आणि कसून झडती होते. तो तिथल्या दहशतवाद्यांच्या यादीत आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: एकदा आलं तर योगायोगही असू शकतो, कारण काही प्रवासी सरसकट पद्धतीने निवडले जातात. सलग येत असेल, वेबवरून चेक-इन होत नसेल आणि दर वेळी काउंटरवर पाठवत असतील, तर नोंद आहे किंवा दुसऱ्याशी नाव जुळतंय असं धरून चाला. ‘नो फ्लाय’ यादी ही याहून वेगळी आणि कडक. तिच्यात नाव असेल तर बोर्डिंग पासच मिळत नाही.

मुलाने डीएचएस ट्रिप या प्रवाशांच्या तक्रारींसाठीच्या अमेरिकी सरकारी योजनेत ऑनलाइन अर्ज करावा. पासपोर्टची प्रत आणि घटनांचा तपशील लागतो. फी नाही. त्याला सात अंकी रिड्रेस क्रमांक मिळेल. तो दर वेळी तिकीट काढतानाच आरक्षणात भरायचा. विमानतळावर दाखवून उपयोग नाही, कारण पडताळणी आधीच झालेली असते. विमान कंपनीच्या खात्यात, पासपोर्टवर आणि अर्जात नाव अक्षर न् अक्षर सारखं असू द्या. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये लावतात, ते एका ठिकाणी असतं आणि दुसऱ्या ठिकाणी नसतं, त्यानेही गोंधळ होतो.

तिथल्या नागरिकांना आज मिळणारी प्रक्रिया कोर्टात भांडून मिळालेली आहे. २००४ मध्ये एफबीआयच्या एका एजंटने फॉर्मवरच्या चुकीच्या चौकटींत खुणा केल्या. स्टॅनफर्डमध्ये शिकणाऱ्या रहीना इब्राहिम त्यामुळे यादीत गेल्या आणि जानेवारी २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर त्यांना बेड्या घातल्या गेल्या. ती चूक २०१४ मध्ये न्यायालयात सिद्ध झाली. एका कागदावरच्या खुणा दुरुस्त व्हायला इतकी वर्षं, कारण कागद बघायलाच मिळत नव्हता. त्याच वर्षी जूनमध्ये ओरेगॉनच्या संघीय न्यायालयाने लतीफ खटल्यात सांगितलं की नाव आहे का हे न सांगणारी आणि कारण न देणारी पद्धत घटनेतल्या पाचव्या दुरुस्तीचा भंग करते. तेव्हापासून विमानात चढू न दिलेल्या अमेरिकन नागरिकाला किंवा ग्रीन कार्डधारकाला तो ‘नो फ्लाय’वर आहे का हे सांगावं लागतं आणि मागितल्यास गोपनीय नसलेल्या कारणांचा सारांश द्यावा लागतो. त्याला उत्तर देता येतं. अंतिम आदेशाविरुद्ध ६० दिवसांत अपील न्यायालयात जाता येतं. मात्र ही सुधारलेली पद्धत पुरेशी आहे, असं नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं, त्यामुळे पुरावा समोरासमोर तपासायचा हक्क अजूनही नाही. १९ मार्च २०२४ ला फिक्रे खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सरकारची एक पळवाट बंद केली: खटला चालू असताना नाव काढून टाकलं, एवढ्यावर सरकारला तो निकाली काढून घेता येत नाही. नाव पुन्हा घातलं जाणार नाही, हे सरकारनेच दाखवायचं.

एसएसएसएस येणाऱ्यांना मात्र यादीतल्या स्थानाची खात्री कोणी देत नाही. त्यांच्या हाती रिड्रेस क्रमांक हाच उपाय. आणि कुठल्याही यादीत असला तरी नागरिकाला अमेरिकेत परत येण्यापासून रोखता येत नाही.

प्रश्न: आमच्या पारधी वस्तीवरच्या एका तरुणाचं नाव पोलीस ठाण्याच्या हिस्ट्रीशीटमध्ये आहे. दोन्ही खटल्यांत तो निर्दोष सुटला. तरी काही झालं की आधी त्याच्या घरी गाडी येते. – एक वाचक, बीड

उत्तर: रात्री-अपरात्री घरात शिरून बघणं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच खडकसिंग खटल्यात घटनाबाह्य ठरवलं. बाकीची पाळत चालते, पण मर्यादेत. मलकसिंग निकालानुसार नाव घालण्याआधी सुनावणी मागता येत नाही, मात्र माणूस सराईत आहे असं मानायला पोलिसांकडे खरा आधार हवा आणि न्यायालय तो तपासू शकतं. ७ मे २०२४ च्या अमानतुल्ला खान निकालात सर्वोच्च न्यायालयाने मागास आणि वंचित समाजांतल्या निरपराध माणसांची नावं केवळ पूर्वग्रहाने अशा नोंदींत जातात याची स्वतःहून दखल घेतली, सगळ्या राज्यांना धोरण तपासायला सांगितलं आणि वरिष्ठ अधिकाऱ्याकडून वेळोवेळी तपासणीचा मार्ग सुचवला. हिस्ट्रीशीट पोलिसांचा अंतर्गत कागद आहे, तो जाहीर करता येत नाही. जमातीच्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्याची सवय ठाण्यात उरू देणं कोणत्याही कायद्यात बसत नाही.

दोन्ही निकालांच्या प्रमाणित प्रती जोडून पोलीस अधीक्षकांकडे नाव कमी करण्याचा अर्ज करा आणि आवक क्रमांक घ्या. घरी गाडी आल्याच्या तारखा, वेळा आणि शेजारच्या साक्षीदारांची नावं वहीत लिहून ठेवा. उत्तर आलं नाही, तर हीच वही उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे शपथपत्रासोबत जाईल. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. तडीपारीची नोटीस आली, तर मात्र वेळ दवडू नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५९ खाली आरोपांचं साधारण स्वरूप सांगावंच लागतं आणि उत्तर द्यायची संधी मिळते. आदेश निघाल्यावर कलम ६० खाली ३० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करायचं असतं.

प्रश्न: विमानात भांडण केलं म्हणून कंपनीने ‘नो फ्लाय’ यादीत घातलं. दाद कुठे? – एक वाचक, नागपूर

उत्तर: हा प्रकार वर सांगितलेल्यांपैकी नव्हे, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) २०१७ च्या नियमांतला आहे. निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ३० दिवसांत लेखी निर्णय द्यायचा. तोपर्यंत कंपनी तुम्हाला बंदी घालू शकते. मुदतीत निर्णय झाला नाही तर तुम्ही मोकळे. शाब्दिक गैरवर्तनाला तीन महिन्यांपर्यंत, अंगावर धावून जाण्याला सहा महिन्यांपर्यंत, जीव धोक्यात घालणाऱ्या वर्तनाला किमान दोन वर्षं बंदी. आदेशानंतर ६० दिवसांत निवृत्त उच्च न्यायालय न्यायाधीशांच्या अपील समितीकडे जा. गृह मंत्रालयाने सुरक्षेच्या कारणाने दिलेल्या नावांना मात्र या नियमांत अपील ठेवलेलं नाही. त्यांना थेट उच्च न्यायालयातच जावं लागतं.